कोल्हापूरला दोघांनी जायचंय? दोन दिवसांची घडी अशी बसवा

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो तेव्हा तिथल्या माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीला कळवलंच नाही. दोनच दिवस आहेत, उगाच तिची धावपळ कशाला, असा आमचा विचार. रंकाळा तळ्यावरचा फोटो स्टेटसला टाकला आणि दहा मिनिटांत तिचा फोन आला. "गावात येऊन घरात न जेवता जाणार व्हय?" एवढंच म्हणाली, पण आवाज रडवेला झाला होता. दुसऱ्या खेपेला महिनाभर आधी कळवलं. मग सकाळचा नाश्ता तिच्या सासूबाईंच्या हातचा, दुपारचं जेवण तिच्या दिराकडे, रात्री तिच्या नवऱ्याच्या मित्रांबरोबर. माणसं सोन्यासारखी. पण परतीच्या गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं की दोन दिवसांत आम्ही दोघं एकमेकांशी धड दहा मिनिटं बोललो नव्हतो.

तिसऱ्या वेळेपासून घडी बसली, आणि आता वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. कोल्हापुरात मित्र नसतील तरी बहुतेक गोष्टी उपयोगी पडतील. असतील तर फारच उत्तम.

पहिलं काम: कॅलेंडरवर वार बघा

लोक आधी हॉटेल शोधतात. कोल्हापूरला जाताना आधी वार बघायचा. अंबाबाईच्या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी जास्त गर्दी असते आणि नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. दुसरं म्हणजे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा वार बऱ्याच घरांत पाळतात. रविवार आणि बुधवार मटणाचे. श्रावणात किंवा मार्गशीर्षात गेलात आणि मित्राच्या घरी मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आस धरून बसलात, तर तुमचीही निराशा आणि त्यांचीही पंचाईत.

म्हणून आम्ही शनिवार-रविवार धरतो, आणि तेही ठरवून असे: शनिवार दोघांचा, रविवार मित्रांचा. शनिवारी मित्रांच्या घरी तसाही वार असतो, त्यामुळे "आज नको, उद्या येतो" म्हटलं तर कुणाला वाईट वाटत नाही. रविवारी पहाटे देवदर्शन उरकून घ्यायचं, मग दुपारच्या मटणाला मन मोकळं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा छान, उसाची गुऱ्हाळं चालू, आणि किरणोत्सवही याच दिवसांत. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. ढग आड आले तर किरणं पोचत नाहीत, पण गाभाऱ्याकडे डोळे लावून श्वास रोखून उभी असलेली ती गर्दी एकदा अनुभवावी अशीच आहे.

दुसरं: मित्रांना कळवा, आणि नेमकं सांगा

"येतोय, भेटू" असं मोघम कळवू नका. कोल्हापुरी माणूस "भेटू"चा अर्थ दोन दिवस, सहा जेवणं असा घेतो. आम्ही आता असं सांगतो: "शनिवारी सकाळी पोचतोय. शनिवार आमचा दोघांचा. रविवारी सकाळी दहापासून गाडीत बसेपर्यंत तुमचे." एवढं स्पष्ट सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळते. पण मैत्रिणीला ते लगेच पटलं. तिलाही तयारीला दिवस ठरलेला मिळाला.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायच्या. एक, कोण काय खात नाही ते. जेवायला बसल्यावर "मी मटण खात नाही" म्हटलं तर यजमानाचा चेहरा पडतो. आधी कळलं तर तुमच्यासाठी अख्खा मसूर, भरलं वांगं, खर्डा, दही असं ताट तितक्याच मायेने तयार असतं. दोन, तिखट किती झेपतं ते. इथे उगाच फुशारकी नको. कोल्हापूरचं जेवण नुसतं तिखटजाळ नसतं, त्यात मसाल्याला मान असतो. पण सवय नसेल तर पोट बिघडून दुसरा दिवस वाया जातो. माझ्या नवऱ्याचा पहिल्या खेपेला तसा गेला होता.

जाणं आणि राहणं

पुण्याहून रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं चालू असतील तर नेहमीच्या हिशोबात तासभर जास्त धरा. मुंबईकरांसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस फार सोयीची. झोपून उठलं की कोल्हापूर. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारतही सुरू झाली, पण ती रोज नसते, त्यामुळे वार बघून तिकीट काढा. शनिवार-रविवारची रात्रीची तिकिटं लवकर संपतात. परतीचं आधी काढा, जाण्याचं नंतर.

राहायला स्टेशन-बसस्थानकाच्या बाजूला सोयीचं पडतं, ताराबाई पार्कात शांतता मिळते, आणि देवळाजवळ राहिलं तर पहाटे चालत जाता येतं. आम्ही देवळाजवळ राहतो. खोली घेताना एकच चौकशी नक्की करा: समोर किंवा मागे मंगल कार्यालय आहे का. एकदा लग्नसराईत आमच्या खिडकीखाली रात्री साडेबारापर्यंत बँजो वाजत होता. दोघांचीही ओळखपत्रं बरोबर ठेवा, सगळीकडे मागतात.

आणि मैत्रिणीच्या घरी का राहत नाही? ती अजूनही रागावते यावरून. पण घरी राहिलं की पहाटे पाचला तीच उठते, आंघोळीचं पाणी तापवते, आणि आपणही तिच्या घराच्या वेळापत्रकात अडकतो. राहायला बाहेर, जेवायला घरी, हे दोन्हीकडून बरं.

शनिवार: दोघांचा दिवस

सकाळी उतरलात की आंघोळ करून नऊच्या आत मिसळीला पोचा. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, चोरगे, ही सगळ्यांना ठाऊक असलेली नावं. पण गल्लीतल्या साध्या हॉटेलातही मिसळ चांगली मिळते. ज्या हॉटेलाबाहेर सकाळी दुचाक्यांची रांग दिसते तिथे बिनधास्त शिरा. मिसळ हे इथलं सकाळचं खाणं. दुपारी दोनला गेलात तर बऱ्याच ठिकाणी पातेलं धुऊन पालथं घातलेलं दिसेल.

कोल्हापुरात रश्श्याला "कट" म्हणतात आणि मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने कट वाटीत वेगळा मागून घ्यावा. आधी उसळ, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कांदा असं कोरडंच एक-दोन घास खाऊन बघा, मग थोडा थोडा कट ओतत जा. सगळा एकदम ओतला की फरसाण लगेच मऊ पडतं आणि मिसळीची सगळी मजा त्या कुरकुरीत-ओल्याच्या मधल्या दोन मिनिटांत असते. लिंबू शेवटी. दोघांत एक मिसळ घ्या, आवडली तर दुसरी मागवा.

मिसळीनंतर भवानी मंडप आणि चप्पल लाइन. इथे घाई करू नका, कारण कोल्हापुरी चप्पल बघून घ्यायची वस्तू आहे. हाताने शिवलेल्या अस्सल चपलेत खिळा नसतो, शिवणही चामड्याच्याच वादीची. उलटी करून तळ बघा. बाजूचे दोन कान तळाच्या थरांमध्ये शिवलेले हवेत, नुसते चिकटवलेले नकोत. वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक मातकट, तुरट वास येतो, रेक्झिनला येत नाही. माप घेताना थोडी घट्टच घ्या, आठ-पंधरा दिवसांत ती पायाप्रमाणे सैलावते. सुरुवातीला अंगठ्याशी चावते. त्यावर उपाय म्हणजे रात्री आतून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि पहिले काही दिवस घरातल्या घरात वापरायची. पावसात घालायची नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. दुकानदाराशी भाव करायला हरकत नाही, पण एक जोड हाताने शिवायला किती वेळ लागतो ते आधी त्याला विचारा. ते ऐकल्यावर मी तरी फार ताणून धरत नाही.

दुपारचं जेवण सरळ टाळा. उसाचा रस प्या आणि खोलीवर जाऊन झोपा. मी हे अगदी मनापासून सांगते आहे. फिरायला गेलेली जोडपी भांडतात ती बहुतेक दुपारी दोन ते चारच्या उन्हात, दमलेली असताना.

चारच्या सुमारास पन्हाळ्याला निघा. शहरापासून वीसेक किलोमीटर. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवराय भर पावसात विशाळगडाकडे निघाले ते इथून. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी वास्तूंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. गड मोठा आहे, गाडी आतपर्यंत जाते, आणि एका संध्याकाळी सगळं बघायचा हट्ट केलात तर काहीच बघून होणार नाही. तीन दरवाजा बघा, अंबरखान्यातल्या धान्याच्या त्या प्रचंड कोठारात एकदा डोकावा, आणि मग सज्जा कोठीशी जाऊन बसा. खाली दरी, वारा, मावळता सूर्य. आमच्या घराच्या कर्जापासून मूल कधी हवं इथपर्यंतचे सगळे मोठे विषय आम्ही तिथे बोललो आहोत. घरी ओट्याशी उभं राहून ते बोलणं होत नाही.

गडावर बायका झुणका-भाकर विकतात. तव्यावरची गरम भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा, मडक्यातलं दही, कापलेला कांदा. हेच तुमचं रात्रीचं जेवण. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गेलात तर येताना रस्त्याकडेच्या एखाद्या गुऱ्हाळाशी थांबा. थांबायला कुणी हरकत घेत नाही, फक्त "बघू का?" विचारा. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, त्यात रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी वर काढतात, आणि गुळव्या फक्त फेसाकडे बघून ठरवतो की आता उतरवायचं. त्याचा अंदाज एक मिनिट चुकला तर गूळ करपतो किंवा पातळ राहतो. तिथे मिळालेला गरम काकवीचा द्रोण मी कधी विसरणार नाही. घरी न्यायला बाटलीभर काकवी तिथेच घ्या.

रात्री शहरात आलात की गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. याला निरसं दूध म्हणतात. पहाटे आणि संध्याकाळनंतर तालमीतली पोरं, कामावरून परतणारी माणसं, सगळी इथे उभी दिसतात. ते कच्चं दूध असतं, त्यामुळे सवय नसेल, पोट नाजूक असेल किंवा बाई गरोदर असेल तर पिऊ नका, आटवलेलं गरम दूध कुठेही मिळतं. आम्ही दोघांत एक ग्लास घेतो.

रविवार पहाट

पाच-साडेपाचला देवळात. त्या वेळी दगडी मंडपात गारवा असतो, फुलवाल्या नुकत्या टोपल्या मांडत असतात, आणि रांग पुढे सरकते. दर्शन झालं की बाहेर पडायची घाई करू नका. पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघा. दिवसा गर्दीत ती दिसतच नाहीत.

तिथून रंकाळा. संध्याकाळचा रंकाळा चौपाटीचा, भेळेचा, पोराबाळांचा. सकाळचा रंकाळा फिरायला येणाऱ्या गावकऱ्यांचा. तळ्याकाठी नंदीचं देऊळ आहे. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी, असं म्हणतात. मैत्रिणीच्या सासूबाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा सूर असा होता की जणू त्यांनी कालच जाऊन मोजून पाहिलंय.

नाश्ता हलका ठेवा. एक लोणी डोसा, चहा. दुपारी पोटात जागा लागणार आहे.

रविवार दुपार: रस्सा मंडळ

कोल्हापुरात मित्र असतील तर हॉटेलात भेटू नका. त्यांना विचारा, "रस्सा मंडळ करायचं का?" डोळे चमकतील. चार-सहा घरं मिळून कुणाच्या तरी शेतावर किंवा नदीकाठी जायचं, तीन दगडांची चूल, मोठं पातेलं, आणि दिवसभर तिथेच. आमच्या मैत्रिणीच्या गोतावळ्यात स्वयंपाक पुरुष करतात. बायका आंब्याखाली सतरंजीवर बसून गप्पा मारतात आणि लागलं तर मीठ चाखून सांगतात.

मटण सकाळी लवकर आणतात. पालव्याचं, म्हणजे पाला खाऊन वाढलेल्या कोवळ्या बोकडाचं. आधी ते आलं-लसूण, मीठ घालून शिजवून घेतात, त्या पाण्याला अळणी म्हणतात. या अळणीतूनच दोन्ही रस्से होतात. तांबड्यात घरची कांदा-लसूण चटणी पडते. चटणी म्हणजे इथे वर्षाचा साठवणीचा मसाला, ताटातली तोंडी लावण्याची नव्हे. पांढऱ्यात खसखस, तीळ, काजू, ओल्या नारळाचं दूध आणि अख्खे गरम मसाले. मैत्रिणीचा नवरा पांढऱ्या रश्श्यापाशी उभा राहिला की कुणाशी बोलत नाही. नारळाचं दूध पडल्यावर रश्श्याला खळखळून उकळी फुटू द्यायची नसते, नाहीतर तो फाटतो. म्हणून तो चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढतो, पळी एकाच दिशेने फिरवत राहतो, आणि कडेला पहिला बुडबुडा दिसला की पातेलंच उचलतो. पहिल्या वेळी मी जवळ जाऊन काहीतरी विचारलं तर म्हणाला, "थांबा ताई, आत्ता न्हाई." पाच मिनिटांनी स्वतः वाटी भरून आणून दिली.

जेवायची रीत अशी: आधी पांढरा वाटीने प्यायचा. मग भाकरीबरोबर सुकं आणि तांबडा. भात शेवटी, त्यावर दोन्हींपैकी आवडेल तो रस्सा. पहिल्या वाढपात थोडंच घ्या, कारण आग्रह होणारच. "दाजी, लाजू नका, घ्या की!" असं चारी बाजूंनी येतं. पोट भरलं असेल तर पानावर आडवा हात धरून, हसून, पण ठामपणे नको म्हणा. पानात टाकलेलं कुणाला आवडत नाही.

खर्चाचं काय, हा प्रश्न नवख्यांना पडतो. पाहुण्यांकडून वर्गणी घेणार नाहीत, वाद घालू नका. त्याऐवजी येताना आपल्या गावचं काही आणा. आम्ही पुण्याहून बाकरवडी नेतो, आणि जेवणानंतर गावात येऊन सगळ्यांना कॉकटेल आइस्क्रीम आमच्याकडून. फळांचे तुकडे, जेली आणि वर आइस्क्रीम, हा कोल्हापूरचा खास प्रकार. पैसे देताना मात्र काउंटरशी आधी पोचावं लागतं. भांडी घासायला, पाणी आणायला उठा. पाहुणा म्हणून बसून राहिलात तर पाहुणेच राहाल.

जेवणानंतरचे दोन तास काहीच ठरवू नका. पुरुष मंडळी पत्ते काढतील किंवा आडवी होतील. मैत्रीण आणि मी बांधावर जाऊन बसतो. हॉस्टेलात एका खोलीत तीन वर्षं काढली, पण तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली ती त्या बांधावर. मी शनिवारी नवऱ्याबरोबर पुरेसा वेळ काढलेला असतो, म्हणून रविवारी तिच्यापाशी माझं सगळं लक्ष असतं. दिवस वाटून घेण्याचं खरं कारण हेच.

कोल्हापुरात ओळखीचं कुणी नसेल तर रविवारी दुपारी एखाद्या जुन्या खानावळीत मटण ताट घ्या. साडेबाराच्या आत पोचा, त्यानंतर बाहेर थांबावं लागतं. रस्सा पुन्हा मागितला तर वाढतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसांशी दोन शब्द बोला, पुढच्या खेपेला कुठे मिसळ खायची ते तेच सांगतील.

निघताना

संध्याकाळी गाडीच्या आधी तासभर असेल तर खासबाग मैदानाकडे चक्कर मारा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान. त्या परिसरातली राजाभाऊंची भेळ खाऊन, थोडी बांधूनही घ्या. घरी नेण्यासाठी भडंग, गूळ आणि कांदा-लसूण चटणी. चटणी बाजारात भरपूर मिळते, पण मित्राच्या घरची मिळत असेल तर ती पहिली. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून, भाजून, कुटून घेतलेली असते आणि प्रत्येक घराची चव वेगळी. डब्याला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घाला, नाहीतर अख्खी बॅग महिनाभर घमघमते.

मैत्रीण स्टेशनवर सोडायला येते आणि गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीतून स्टीलचा डबा आत देते. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे लक्षात ठेवा. या वेळचा डबा आमच्या फडताळात धुऊन ठेवलाय. नोव्हेंबरात किरणोत्सवाला जाऊ तेव्हा त्यात चिवडा-लाडू भरून न्यायचे आहेत.